कपाटाची किल्ली

आमच्या शाळेत विज्ञानाचे एक कपाट होते. काचेच्या दारांतून आतल्या परीक्षानळ्या, भिंगे आणि एक पितळी सूक्ष्मदर्शक दिसे. किल्ली हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात असे आणि तपासणीच्या दिवशी तेवढी बाहेर निघे. भिंगाने वस्तू मोठी कशी दिसते हे आम्हांस परीक्षेत अचूक लिहिता येई. भिंग हाती मात्र कधी आले नव्हते. असे एखादे कपाट श्रोत्यांपैकीही अनेकांना आठवत असेल. ते उघडण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या शेजारच्या राज्यात झाला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

या हकीकतीचा एक धागा मुंबईतून निघतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञांनी मुंबईच्या महापालिका शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याची खटपट सुरू केली होती. त्याच संस्थेत काम केलेले अनिल सद्‌गोपाल संशोधन सोडून मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात गेले. हा जिल्हा आता नर्मदापुरम या नावाने ओळखला जातो. त्यांची ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी सरकारची परवानगी मिळवून १९७२ साली १६ शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी हा उपक्रम आरंभिला. पुढे दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकही येऊन मिळाले. १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्यात पसरला आणि १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने त्याची धुरा खांद्यावर घेतली.

त्यांचे ‘बाल वैज्ञानिक’ हे पुस्तक मोठे विलक्षण होते. त्यात प्रयोग कसा करावा हे सांगितलेले असे, प्रश्न विचारलेले असत. उत्तरे मात्र दिलेली नसत. मुलांनी टोळ्या करून प्रयोग करावा, दिसले ते वहीत लिहावे आणि मग सर्वांनी मिळून वाद घालावा, अशी रीत होती. फूल उकलून पाहावयाचे तर बाभळीचा काटा हीच सुई. शिक्षकांनाही उन्हाळी शिबिरात प्रत्येक प्रयोग आपल्या हातांनी करून पाहावा लागे. ‘मला ठाऊक नाही, आपण करून पाहू,’ असे वर्गासमोर म्हणण्याचे बळ तेथे मिळे. मनात येईल तो प्रश्न मुलांनी पत्राने विचारावा, यासाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते.

१९७८ सालीच अरविंद गुप्ता हे तरुण इंजिनिअर पुण्याच्या कारखान्यातून वर्षाची रजा घेऊन तेथे गेले. आठवड्याच्या बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी आकृत्या केल्या. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण तसाच राहतो. छपराची कैची त्रिकोणी का, हे ज्या मुलाच्या बोटांना एकदा कळले त्याला ते पाठ करावे लागत नाही. हेच गुप्ता पुढे बरीच वर्षे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसाठी खेळणी करीत राहिले.

परंतु खरा कस परीक्षेत होता. प्रयोग करून शिकलेल्या मुलाची परीक्षा पाठांतराची घेतली, तर पुढच्याच वर्षी प्रयोग बंद पडतात. म्हणून तेथे आठवीच्या परीक्षेत पुस्तक आणि वही उघडून लिहिण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकालाही गुण होते. नववीत गेल्यावर मात्र त्याच मुलांची गाठ पुन्हा घोकंपट्टीशी पडे, आणि पालकांच्या मनात शंका येई. ती शंका निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. आठवीपर्यंत रस्ता बदलला, पुढचा जुनाच राहिला. उपक्रम सुमारे एक हजार शाळांपर्यंत वाढला असता, राज्यभर एकच अभ्यासक्रम असावा अशा भूमिकेतून सरकारने २००२ साली तो बंद केला. तीस वर्षांचे काम एका हुकुमाने थांबले.

आज वर्गावर्गांत पडदे आले आहेत. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबच्या रूपाने नवी यंत्रेही शाळांत येऊ लागली. त्यांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु पडद्यावरचा प्रयोग कधी फसत नाही, आणि फसलेला प्रयोग पुन्हा करून पाहताना जे शिकणे घडते ते तेथे घडत नाही. होशंगाबादेत आगकाडी पुरली, कारण ती मुलाच्या हातात होती. तेव्हा आपल्या गावच्या शाळेत नवे कपाट आले म्हणजे त्याची किंमत जरूर विचारा. पण किल्ली कोणाजवळ असते हे त्याच्या आधी विचारा.