एका सहीचा नकार

१९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बव्हेरियातील श्वांडोर्फ जिल्ह्याला भीती होती ती अणूची नव्हे, बेकारीची. वाकर्सडोर्फच्या कोळशाच्या खाणी १९८२ साली बंद पडल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर जगलेल्या कुटुंबांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. नेमक्या अशा वेळी एक मोठा कारखाना दाराशी चालून आला. अणुभट्ट्यांत वापरून झालेल्या इंधनकांड्या आम्लात विरघळवून त्यांतून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढण्याचा तो कारखाना होता. लोअर सॅक्सनीतील गोर्लेबेन येथे तो उभारण्याचा बेत जनतेच्या विरोधामुळे १९७९ मध्येच सोडून द्यावा लागला होता. बव्हेरियाचे मुख्यमंत्री फ्रान्स योझेफ श्ट्राउस यांना मात्र तो आपल्या राज्यात हवा होता.

जिल्ह्याचे प्रमुख होते हान्स शुइरर. जन्म ६ फेब्रुवारी १९३१ चा, मूळचा धंदा गवंड्याचा, पक्ष सोशल डेमोक्रॅट. १९७२ पासून ते या पदावर होते. तेथील जिल्हाप्रमुख आपल्याकडील कलेक्टराप्रमाणे वरून नेमलेला नसतो. लोक त्याला निवडून देतात. तथापि बांधकामाच्या परवान्यासारख्या बाबतीत तो राज्यसरकारचा हस्तकही असतो. पुढचा सारा पेच या दुहेरी नात्यातून निर्माण झाला.

प्रारंभी शुइरर यांनीही या योजनेचे स्वागतच केले. हजारो हातांना काम मिळणार असताना कोणता लोकप्रतिनिधी नको म्हणेल? पण नकाशावर दोनशे मीटर उंचीचे एक धुराडे दाखविलेले होते. कारखाना जर निरुपद्रवी, तर एवढे उंच धुराडे कशाला, असे त्यांनी विचारले. बाहेर पडणारी दूषित द्रव्ये दूरवर पसरावीत म्हणून, असे उत्तर मिळाले. ज्याने हयातीत विटा रचल्या त्याला धुराड्याची उंची समजावून सांगण्याची गरज नव्हती. शुइरर यांचे मत तेथून पालटले.

परवान्याच्या कागदावर सही करण्यास त्यांनी नकार दिला. तेव्हा बव्हेरियाच्या विधिमंडळाने १९८५ मध्ये कायदाच बदलला : खालचा अधिकारी आज्ञा पाळीत नसेल तर वरच्याने त्याच्या जागी निर्णय द्यावा. या दुरुस्तीला लोकांनी 'लेक्स शुइरर' असे लॅटिन नाव दिले. नाव रोमन विधिशास्त्राच्या थाटाचे, पण दुरुस्ती एका माणसासाठी! परवाना वरून निघाला आणि शुइरर यांच्यावर शिस्तभंगाची चौकशी सुरू झाली.

डिसेंबर १९८५ मध्ये जंगलतोड सुरू झाली आणि त्या जागेभोवती पोलादी कुंपण उभे राहिले. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची दुर्घटना घडली, आणि किरणोत्सर्गी धूळ पावसाबरोबर बव्हेरियाच्या कुरणांवर उतरली. त्याच वर्षीच्या पेंटेकॉस्टच्या सणात कुंपणाजवळ निदर्शक व पोलीस यांच्यात घनघोर चकमकी झाल्या. हेलिकॉप्टरांतून अश्रुधुराचा मारा करण्यात आला. त्या गर्दीत शहरी तरुणांबरोबर चर्चला नेमाने जाणारे शेतकरी आणि वयोवृद्ध स्त्रियाही होत्या. ज्यांनी आयुष्यभर सरकारची आज्ञा शिरसावंद्य मानली, तीच माणसे आता आपल्याच पोलिसांसमोर उभी होती, आणि जिल्हाप्रमुख त्यांच्या बाजूला होता, हे वाकर्सडोर्फचे वैशिष्ट्य. १९८८ मध्ये कारखान्याविरुद्ध आलेल्या लेखी हरकतींची संख्या ८ लाख ८१ हजारांवर गेली. त्यांपैकी चार लाखांहून अधिक शेजारच्या ऑस्ट्रियातून आल्या.

श्ट्राउस ऑक्टोबर १९८८ मध्ये वारले. पुढल्याच वर्षी वीजकंपन्यांनी हिशेब मांडला, तेव्हा फ्रान्समधील ला हाग येथे हेच काम स्वस्तात होईल असे दिसले. ३१ मे १९८९ रोजी वाकर्सडोर्फचे बांधकाम थांबले. नीतीपेक्षा जमाखर्चाने निकाल लावला असे कोणी म्हणेल, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु दिरंगाई, दावे व बंदोबस्त यांनी खर्चाची बाजू किती फुगविली, हेही त्याच वहीत पाहावे लागेल.

शुइरर १९९६ पर्यंत पदावर राहिले. या साऱ्या प्रकरणावर 'वाकर्सडोर्फ' नावाचा चित्रपट २०१८ मध्ये निघाला. ज्या कामधंद्याच्या आशेने जिल्ह्याने प्रथम या योजनेकडे पाहिले, तो धंदाही पुढे आला, पण वेगळ्या वाटेने : त्या जागी औद्योगिक वसाहत झाली आणि मोटारींच्या भागांचे काम तेथे सुरू झाले.