क्लोव्ह हिच (गाठ)

क्लोव्ह हिच ही दोर खांब, मेख, झाडाचे खोड किंवा कडी यांना बांधण्याची गाठ आहे. वस्तूभोवती दोराचे दोन वेढे आणि त्यांवरून तिरपा जाणारा पदर अशी तिची रचना असते. दोर ताणला की हा पदर खालची टोके दाबून धरतो. गाठ टिकते ती केवळ या घर्षणावर. विल्यम फाल्कनर यांच्या १७६९ सालच्या नौकानयनविषयक कोशात ती याच नावाने आढळते.

बांधणी

मोकळे टोक खांबाच्या मागून फिरवून पुढे आणतात, ताणाच्या दोरावरून तिरपे ओलांडून त्याच दिशेने दुसरा वेढा देतात आणि तिरप्या पदराखालून ओवून ओढतात. मेखेचा माथा मोकळा असेल तर एकाच दिशेने वळलेले दोन फास एकामागोमाग वरून चढवले तरी हीच गाठ होते.

मर्यादा

ताण एका दिशेने व सतत असेल तोवर गाठ विश्वासार्ह असते. ताण कमी-जास्त झाला, त्याची दिशा बदलली किंवा खांब फिरू शकत असला, तर ती हळूहळू सैल होते. खुंट्याभोवती फिरणारे जनावर नेमका असाच ताण देते. घायपाताच्या वाखाचा खरखरीत दोर बराच पकड धरतो, गुळगुळीत नायलॉन मात्र सहज सरकतो. म्हणून उरलेल्या टोकाने ताणाच्या दोराभोवती आणखी दोन अर्धगाठी घेतात. शेवटी टोकाऐवजी दुमडलेला पदर ओवल्यास ओढताच सुटणारी सुरगाठ होते; ती सोयीची खरी, पण जनावराच्या ओढीनेही सुटू शकते. जनावराच्या गळ्यात मात्र ही गाठ मारू नये. ती आवळत जाऊन गळफास बसू शकतो. तेथे न सरकणारा फास, उदाहरणार्थ बोलाइन, योग्य ठरतो.

गिर्यारोहणातील वापर

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि साम्रदजवळची सांदण दरी येथे दोराच्या साहाय्याने चढाई-उतराई केली जाते. अशा ठिकाणी आरोहक स्वतःला आधारबिंदूशी जोडताना कॅराबिनरवर क्लोव्ह हिच घेतात, कारण गाठ न सोडता दोराची लांबी कमी-अधिक करता येते. उतरण्याचा मुख्य दोर मात्र एकट्या या गाठीवर सोडला जात नाही. त्यासाठी सहसा आठाची गाठ वापरतात. स्काउट-गाईड प्रशिक्षणात बांबूंच्या चौकोनी बांधणीची सुरुवात क्लोव्ह हिचने होते.