मामा तलाव: उन्हाळ्यातली साफसफाई कोण करणार?

ऐकायला वेळ मिळत नाही, वाचायला आवडतं, असं म्हणणाऱ्यांसाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकेत थंडीच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी काहींच्या अंगणात हॉट टब असतो. हिवाळाभर बंद ठेवलेला तो टब पुन्हा सुरू करायचा म्हणजे दिवसभराचं काम. शिळं पाणी काढा, आतला बुळबुळीत थर घासा, फिल्टर धुवा, पाइपच्या जोडण्या गळतात का ते बघा, मग नवं पाणी भरा, क्लोरिन टाका. कंटाळवाणं आहे, पण एक गोष्ट स्पष्ट असते. टब ज्याचा, काम त्याचं.

आता हेच काम शेकडो एकरांच्या तळ्याचं आहे असं समजा. आणि तळं नक्की कोणाचं, हेच धड ठरलेलं नाही.

नागझिऱ्याला सफारीसाठी तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. झिरा म्हणजे जमिनीतून, खडकातून पाझरणारं पाणी. जंगलाच्या नावातच पाणी आहे. 1970 मध्ये हे अभयारण्य झालं आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. पण साकोलीकडून गेटवर पोचायच्या घाईत आपण जे मागे टाकतो, ते मला वाघाइतकंच भारी वाटतं. रस्त्याच्या कडेला तळं, पुढच्या गावात तळं, त्याच्या पलीकडे बोडी. बोडी म्हणजे छोटं तळं. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख आहे. (1 मे 1999 पर्यंत हा एकच जिल्हा होता.) भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असा सगळा पट्टा धरला तर अशी तळी सहा हजारांच्या वर जातात. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यात कोणी मामा नाही, ‘माजी मालगुजारी’चं ते छोटं रूप.

तळी मात्र मालगुजारीच्या आधीची आहेत. गोंड राजांच्या काळात इथे कोहळी समाजाने तळी बांधली. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात कोहळींवर वेगळं प्रकरण आहे: ऊस पिकवणारे आणि तळी बांधणारे लोक. नवेगावबांधचं तळं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं असं सांगतात. लोकांनी पुढे त्यांना कोलासूर देव केलं, आणि तळ्याभोवतीच्या टेकड्या झाल्या सात बहिणी. इंजिनिअरला थेट देवपद! आमच्या क्षेत्रात प्रॉडक्शन वाचवलं तरी पिझ्झ्यावर भागतं.

रचना साधी. दोन टेकड्यांमधल्या उताराला आडवी मातीची पाळ, जास्तीचं पाणी जायला सांडवा, आणि पाळीतून शेताकडे पाणी सोडायला तुडुम. हे पाणी मुख्यतः धानासाठी. सप्टेंबरमध्ये पावसाने दडी मारली आणि धान ऐन निसवायच्या वेळी सुकायला लागलं, की तुडुम उघडायचं. त्या एका पाण्यावर वर्षाचं पीक वाचतं किंवा जातं.

आणि इथेच साफसफाई येते. एप्रिल-मे मध्ये तळं आटलं की गाळ खणायचा, बैलगाडीने शेतात न्यायचा. तळ्याची खोली टिकते, शेताला फुकटचं खत मिळतं. पाळ खचली असेल तिथे माती चढवायची, तुडुम मोकळं आहे का बघायचं. पाऊस पडायच्या आत सगळं आटपायला हवं.

1854 मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, आणि पुढच्या जमीन-बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. पाण्याच्या, चराईच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या गावच्या दप्तरात लिहिल्या गेल्या. मालगुजाराचं स्वतःचं धानही त्याच पाण्यावर, म्हणून तो देखभाल करवून घ्यायचा. ‘करवून’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. त्यात वेठबिगारीही होती. त्यामुळे ‘जुनं ते सोनं’ मला पटत नाही.

मग 1950 चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा आला. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली. मालगुजारी जायलाच हवी होती. पण तिच्यासोबत मेंटेनन्सची व्यवस्थाही गेली, आणि तिच्या जागी काय येणार हे कोणी नीट लिहून ठेवलं नाही. जुन्या सिस्टीमचा मालक काढला, ॲक्सेस हेड ऑफिसला दिला, हँडओव्हर डॉक्युमेंट शून्य! विदर्भ 1956 मध्ये मुंबई राज्यात, 1960 मध्ये महाराष्ट्रात. नंतर तळी जिल्हा परिषद आणि पाटबंधारे खात्यात वाटली गेली. पाण्यावर पट्टी बसली तेव्हा शेतकऱ्यांचा सवाल सरळ होता: आमच्या आज्या-पणज्यांनी खणलेल्या तळ्याचे पैसे कशाला? दरम्यान गाळ साचत राहिला.

2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. चांगली आहे, पण जेसीबी सगळीकडे सारखाच खरडतो. तळं म्हणजे नुसता खड्डा नसतो हो. तळात पाणवनस्पती असतात, त्यांच्यात मासे अंडी घालतात, आणि त्यावर ढिवर समाजाचं पोट चालतं. गाळासोबत वनस्पतींची मुळं-बियाणंही गेलं तर पाणी भरपूर, मासे नाहीत.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर मच्छीमारांनी हा भाग पकडला. आधी काठाची बेशरम उपटली. ही अमेरिका खंडातून आलेली झुडपं. तोडून फेकली तरी तिथेच रुजतात, म्हणून हे नाव. उन्हाळ्यात कोरड्या तळात नांगर फिरवला आणि पाणी यायला लागल्यावर दुसऱ्या तळ्यांतून आणलेल्या स्थानिक वनस्पती लावल्या. कुठली वनस्पती कुठे, किती खोलीवर जगते, कुठला मासा तिच्याजवळ राहतो, हे ढिवरांना आधीच माहीत होतं. बायका या कामात पुढे होत्या. मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मालगुजाराच्या काळात ज्यांना पाळीवर फक्त राबायचं होतं, ते आता तळ्यात काय लावायचं ते ठरवतात.

पुढच्या वेळी एप्रिल-मे मध्ये नागझिऱ्याला गेलात तर गेटच्या आधी एखाद्या तळ्यावर दहा मिनिटं थांबा. काठाला फिकट जांभळ्या फुलांची झुडपं दाटलीत का बघा. पाळीवर चढून तुडुम कुठे आहे ते विचारा. तिथे कोणी जाळं विणत बसलं असेल तर यंदा गाळ काढला का, आणि कोणी काढला, हेही विचारा. काय उत्तर मिळालं ते व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.