कट्ट्याचा कारभार कोणाकडे?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी ठरली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कार्यालयांतून जी मंडळी त्यानंतर येथे आली, त्यांत मराठी कारकून, लेखापाल, अभियंते, शिक्षक पुष्कळ होते. परक्या गावात एकमेकांना धरून राहण्यासाठी त्यांनी जी साधने वापरली, त्यांतील गणेशोत्सवाविषयी बरेच लिहिले गेले. फिरत्या वहीविषयी क्वचितच. हळदीकुंकू असो, सभा असो की एखाद्या घरची दुःखद वार्ता, वहीत चार ओळी लिहून ती घरोघर फिरवावयाची आणि प्रत्येकाने वाचल्याची सही करावयाची, अशी ती शासकीय परिपत्रकाच्या धर्तीवरची रीत. वही कोणाकडे अडली, कोणी सही न करताच पुढे पाठविली, हे वहीतच दिसे. आणि रात्री ती कोणाच्या कपाटात असते, हे सर्वांना ठाऊक असे.

आज करोंद आणि लगतच्या वसाहतींतील काही मराठी कुटुंबांत असा विचार चालू आहे की, कंपनीच्या कृपेवर चालणाऱ्या भ्रमणध्वनीवरील गटाऐवजी आपला स्वतःचा गप्पांचा सर्व्हर उभारावा. तांत्रिक बाजू सांभाळण्यास नव्या पिढीतील दोघेतिघे तयार आहेत. आमच्याकडे काम आले ते नियमावलीच्या मसुद्याचे. मसुदा करावयाचा तर आधी पूर्वपीठिका पाहावयाची, ही शासकीय सेवेत जडलेली खोड. तिच्यापायी जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडीत आहोत.

संगणकाच्या जाळ्यावर अनेकांनी एकाच वेळी बोलण्याची जी पद्धत जगभर रूढ झाली, तिचा उगम फिनलंडमधील औलू विद्यापीठात आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये यार्को ओइकारिनेन या तरुणाने 'इंटरनेट रिले चॅट', म्हणजे आयआरसी, ही प्रणाली लिहिली. निरनिराळ्या गावांतील सर्व्हर एकमेकांना जोडलेले असत. एका सर्व्हरवर बोललेले वाक्य पुढच्याकडे जाई आणि क्षणात सर्वत्र पोहोचे. एकेका विषयाची खोली म्हणजे 'चॅनल'. ते प्रथम जो उघडील, तो त्याचा 'ऑपरेटर'. दांडगाई करणाऱ्याला बाहेर काढणे, पुन्हा येऊ न देणे आणि आपला अधिकार दुसऱ्याला देणे, ही त्याची कामे. बोलणे सर्व्हर जपून ठेवीत नसे. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला, तेव्हाच्या वार्ता या मार्गाने बाहेर आल्या. त्यांतले जे आज वाचावयास मिळते, ते कोणी तरी आपल्या संगणकावर उतरवून ठेवले म्हणून.

या प्रणालीतील पहिले मोठे भांडण कारभारावरूनच झाले. अमेरिकेत बर्कले येथे 'एरिस' नावाचा सर्व्हर होता. त्याच्या चालकांनी दार सताड उघडे ठेवले होते. कोणाचाही सर्व्हर परवलीच्या शब्दाशिवाय येऊन जोडला जाई. त्यातून उपद्रव वाढला, तेव्हा ऑगस्ट १९९० मध्ये इतरांनी एरिसशी संबंध तोडून आपले वेगळे जाळे केले. त्याचे नाव ईएफनेट, म्हणजे 'एरिसमुक्त जाळे'. उघड्या दाराचे जाळे थोड्याच काळात विरले. ईएफनेट आजही चालते आहे.

करोंदच्या वाचकांना हे मंडीच्या दाखल्याने लगेच उमगेल. आपल्या मंडीत पहाटेपासून ट्रॅक्टरांची रांग लागते, पण माणसे आणि गहू एका जागी आले म्हणून मंडी होत नाही. परवानाधारक व्यापारी, बोलीनंतरची अनुबंध पर्ची, तोलाई आणि हे सर्व पाहणारी समिती असते, तेव्हा ती मंडी होते. १९७२ च्या अधिनियमात हे सारे लिहिलेले आहे. त्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु तक्रार कोणाकडे करावयाची, हा प्रश्न तेथे पडत नाही.

मराठी माणसाला जाळे मिळाले ते थोडे उशिरा. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, अमेरिकेतील मराठी मंडळींनी 'मायबोली' सुरू केली. देवनागरीची सार्वत्रिक सोय तेव्हा नव्हती. एकाच्या संगणकावरचा टंक दुसऱ्याकडे चौकोन होऊन उमटे, म्हणून रोमन लिपीतच मराठी लिहिली जाई. मायबोलीवर गप्पांची पाने 'वाहती' ठेवण्याची प्रथा पडली: नवा मजकूर येत जातो, तसा जुना आपोआप पुसला जातो. ही प्रथा आम्हांला फार शहाणपणाची वाटते. ओट्यावरचे बोलणे ओट्यावरच राहिले पाहिजे. चिडून बोललेल्या एका वाक्याचे दहा वर्षांनी दप्तर काढणारे लोक प्रत्येक समाजात असतात.

भ्रमणध्वनीवरील गट आले आणि एक गोष्ट बदलली. पूर्वी गप्पांच्या जागी माणूस स्वतः जात असे. आता गप्पा त्याच्या खिशात येऊ लागल्या आणि तेथून दुसऱ्याच्या खिशात. याचे भीषण फळ महाराष्ट्राने पाहिले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. केवळ चालकांनाच लिहिता यावे अशी सोय त्या कंपनीने जून २०१८ च्या अखेरीस दिली होती. एक संदेश पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये, हे बंधन भारतात जुलैमध्ये आले.

मग चालकाची जबाबदारी किती? या प्रश्नाचे मराठी मुलखातील महत्त्वाचे उत्तर १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिले. गोंदिया जिल्ह्यातील एका गटात एका सदस्याने महिला सदस्याविषयी अश्लील भाषा वापरली. चालकाने त्याला काढले नाही, क्षमाही मागावयास लावली नाही, म्हणून चालकावरही गुन्हा दाखल झाला. न्यायालयाने चालकापुरता तो रद्द केला. चालकाला सदस्य घेण्याचा वा काढण्याचा मर्यादित अधिकार असतो, मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी तो रोखता येत नाही. दोघांचा समान उद्देश वा पूर्वनियोजन दिसत नसेल तर दुसऱ्याच्या शब्दांसाठी त्याला दोषी धरता येणार नाही, असा त्याचा आशय.

निर्णय न्याय्य आहे, यात आम्हांला शंका नाही. परंतु तो अधिकाराच्या मर्यादेवर उभा आहे, हे आमच्या तरुण मित्रांनी नीट वाचावे. ऑगस्ट २०२२ पासून तर व्हॉट्सॲपच्या चालकालाही इतरांचे संदेश सर्वांसाठी पुसता येऊ लागले. स्वतःच्या सर्व्हरचा चालक त्याच्याही पुढे आहे. खाती तो देतो, नोंदी त्याच्या यंत्रात राहतात, मजकूर त्याला पुसता येतो. त्या महिला सदस्याची तक्रार येथे आली, तर 'माझ्या हाती काही नव्हते' असे त्याला म्हणता येणार नाही.

उभारणीचा भाग त्यामानाने सोपा आहे. १९९९ साली प्रकट झालेली 'जॅबर' किंवा २०१४ ची 'मॅट्रिक्स', दोन्ही पद्धती खुल्या आहेत. (व्हॉट्सॲपने आरंभी आपला सर्व्हर जिच्यावर बेतला, ती 'इजॅबर्डी' जॅबरच्याच कुळातील मुक्त प्रणाली.) भाड्याचा एक लहान सर्व्हर, एक नाव, सुरक्षा प्रमाणपत्र. खरे काम त्यानंतरचे. प्रमाणपत्राची मुदत संपते, नावाचे वार्षिक शुल्क भरावयाचे राहते, प्रणालीतील दोष दुरुस्त करावे लागतात, रोजची प्रत दुसरीकडे ठेवावी लागते. उत्साही मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला गेला की हे सारे त्याच्या परवलीच्या शब्दासह जाते.

मालकी कागदावर स्पष्ट नसली की काय होते, याचे उदाहरण फ्रीनोड. मुक्त प्रणालींवर काम करणाऱ्यांचे ते मोठे आयआरसी जाळे. रोजचा कारभार स्वयंसेवक पाहत. मे २०२१ मध्ये ताब्यावरून वाद विकोपास गेला, स्वयंसेवकांनी राजीनामे दिले आणि १९ मे रोजी 'लिबेरा' नावाचे नवे जाळे उघडले. वापरणारे बहुतांशी त्यांच्या मागोमाग गेले. नाव आणि यंत्रे एकाकडे राहिली, माणसे दुसरीकडे.

यावरून आम्ही मसुद्यात कलमे घातली ती अशी. सर्व्हरचे नाव एका व्यक्तीच्या नव्हे, मंडळाच्या नावे असावे. चालक तीन असावेत, त्यांत किमान एक महिला. परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात कोषाध्यक्षांकडे राहावेत. कोणाला काढावयाचे झाल्यास दोन चालकांचे एकमत आणि कारणाची लेखी नोंद हवी. गप्पा नव्वद दिवसांनी पुसल्या जाव्यात. जन्म, विवाह आणि निधनाच्या वार्ता मात्र दरमहा कागदी वहीत उतरवाव्यात, कारण भोपाळच्या मराठी घराण्यांची माहिती उद्या कोणी शोधू लागला तर ती तेथेच सापडेल.

एका कलमावर एकमत झालेले नाही. महिलांची मागणी आहे की, त्यांच्या खोलीतील मजकूर सांकेतिक असावा आणि चालकालाही तो वाचता येऊ नये. मॅट्रिक्समध्ये तशी सोय आहे. तरुणांचे म्हणणे असे की, मग त्या खोलीत अफवा पसरली तरी कोणी सांगितल्याशिवाय चालकाला कळणार नाही. आमचा कौल महिलांच्या बाजूने आहे. निर्णय कोजागिरीच्या बैठकीत व्हावयाचा आहे.