उरुग्वेचे मास्तर

दिवाळीच्या फराळात चकली-करंजीच्या शेजारी फुटबॉल येऊन पडावा, याचे वाचकांना नवल वाटेल. ते साहजिकच आहे. आपल्या घरांतून क्रिकेटच्या धावा पाठ असतात. फुटबॉलशी आपला संबंध चार वर्षांतून एकदा, विश्वचषकाच्या जागरणापुरता. पण आज मी सांगणार आहे ती गोष्ट नुसत्या खेळाची नाही. ती मास्तरांची आहे. आणि मी स्वतः खडूवर पोट भरणारा माणूस असल्यामुळे ती सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

दक्षिण अमेरिकेच्या नकाशात ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन धिप्पाड शेजाऱ्यांच्या बेचक्यात उरुग्वे नावाचा एक चिमुकला देश अंग चोरून बसला आहे. वस्ती सुमारे ३५ लाख. त्यातली जवळजवळ निम्मी माणसे मोंटेव्हिडिओ या राजधानीत आणि तिच्या आसपास. एवढ्याशा देशाने १९२४ आणि १९२८ साली ऑलिंपिकची सुवर्णपदके आणली, १९३० आणि १९५० साली विश्वचषक जिंकला. हे कसे घडले, याचे उत्तर शोधू लागलो की वाट पुन्हा पुन्हा शाळेच्या दारात येते.

१८७७ साली होसे पेद्रो वारेला नावाच्या सुधारकाच्या प्रयत्नांनी या देशात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करणारा कायदा झाला. फुटबॉल तिथे गेला तो इंग्रज रेल्वेवाल्यांबरोबर, आणि विल्यम लेस्ली पूल या स्कॉटिश मास्तरांबरोबर. मोंटेव्हिडिओच्या इंग्लिश हायस्कूलमध्ये ते शिकवीत आणि मुलांना मैदानावर नेत. त्या शाळेच्या मुलांनी १८९१ साली आल्बियन नावाचा क्लब काढला. म्हणजे उरुग्वेच्या फुटबॉलचे जातकच मांडायचे, तर लग्नस्थानी एक मास्तर बसलेले दिसतात!

मात्र राष्ट्रीय संघाच्या पहिल्या काही वर्षांत प्रशिक्षक या प्राण्याला फारसे कोणी विचारीत नसे. मैदानावरचा कारभार कर्णधाराचा. होसे नासाझी हा संगमरवर घडवणारा कारागीर १९२४ पासून संघाचा कर्णधार होता आणि लोक त्याला ‘सेनापती’च म्हणत. प्रशिक्षकाला वजन आले ते १९३० साली, आल्बेर्तो सुपिची यांच्यामुळे. पहिला विश्वचषक उरुग्वेतच भरला होता. देशाच्या पहिल्या राज्यघटनेला शंभर वर्षे झाली म्हणून ‘सेंतेनारिओ’ हे प्रचंड मैदान बांधले होते. सुपिचींचे वय ३१. विश्वचषक जिंकणाऱ्या प्रशिक्षकांत इतका तरुण माणूस त्यानंतर आजवर झालेला नाही.

या तरुण माणसाने स्पर्धेच्या तोंडावर काय करावे? आंद्रेस मासाली हा दोन्ही ऑलिंपिक जिंकलेला गोलरक्षक. सराव शिबिरात रात्री ठरल्या वेळेला परतण्याचा नियम त्याने मोडला, आणि सुपिचींनी त्याला सरळ संघाबाहेर काढले. सारा देश दारात उभा, पाहुणे घरात, आणि घरचा सर्वांत अनुभवी गोलरक्षक बाहेर! त्याच्या जागी बायेस्त्रेरो उभा राहिला. ३० जुलैच्या अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत अर्जेंटिना २-१ ने पुढे होता. शेवटी उरुग्वेने ४-२ असा विजय मिळवला. सुपिची हरले असते तर त्यांची शिस्त ‘हट्ट’ ठरली असती, हे सांगायला नको. मास्तरांच्या नशिबी हे नेहमीचेच आहे. निकाल चांगला लागला तर कडक शिस्त, वाईट लागला तर छळ.

पुढची गोष्ट १९५० ची, आणि ती नेमकी उलट आहे. १६ जुलै रोजी रिओच्या माराकाना मैदानात पावणेदोन लाखांच्या आसपास तिकिटे खपली होती. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे धुऊन तो संघ आला होता. उरुग्वेचे प्रशिक्षक हुआन लोपेस यांनी खेळाडूंना बचाव सांभाळून खेळण्याची सूचना केली. ते खोलीबाहेर गेल्यावर कर्णधार ओब्दुलिओ वारेला उठला. आपले लोपेस भले गृहस्थ आहेत, पण आज त्यांचे ऐकले तर आपली गत स्पेन-स्वीडनसारखी होईल, असे त्याने सोबत्यांना सांगितले, ही हकीकत त्या देशात घरोघर सांगतात. उत्तरार्धाच्या आरंभीच ब्राझीलने गोल केला, तेव्हा याच ओब्दुलिओने चेंडू काखोटीला मारला आणि पंचांशी वाद घालत सावकाश वेळ काढला. मैदानावरची ओरड निवली. मग स्कियाफिनोने बरोबरी साधली, गिजियाने ७९व्या मिनिटाला दुसरा गोल केला, आणि माराकानात स्मशानशांतता पसरली.

या विजयाने उरुग्वेला आनंद दिला तसे एक दुखणेही दिले, असे माझे मत आहे. लोकांनी त्यातून असा धडा घेतला की आखणी-बिखणी काही नको, अंगात ‘चारुआंची नखी’ असली की झाले. चारुआ ही त्या भूमीची मूळ लढाऊ जमात. तिचे नाव आज अभिमानाने मिरवतात. पण या जमातीचा घात १८३१ साली त्याच प्रजासत्ताकाच्या फौजेने केला होता, हे मिरवणुकीत कोणी आठवीत नाही. वीरश्रीचे पोवाडे गाताना नेहमी असे काहीतरी विसरावे लागते.

पूर्वजांच्या पराक्रमावर जगणाऱ्या वाड्याचे जे होते तेच या संघाचे झाले. भिंती एकदम पडल्या नाहीत. १९५४ साली लोपेस यांच्याच हाताखाली संघ उपांत्य सामन्यात हंगेरीकडून जादा वेळेत ४-२ ने हरला. विश्वचषकातला उरुग्वेचा तो पहिला पराभव. त्या सामन्यात उरुग्वेचे दोन्ही गोल करणारे हुआन होहबर्ग पुढे स्वतः प्रशिक्षक झाले आणि १९७० साली त्यांनी संघाला चौथे स्थान मिळवून दिले. मधल्या काळात हुआन कार्लोस कोरासो यांनी १९५९ आणि १९६७ साली दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद आणले. या कोरासोंचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. त्यांच्या नातवाची गाठ पुढे पडणार आहे.

नंतर मात्र उतरण लागली. १९७३ साली लष्कराच्या पाठबळावर हुकूमशाही आली. १९७४ च्या विश्वचषकात संघ एकही सामना न जिंकता परतला. १९७८ आणि १९८२ साली तर पात्रच ठरला नाही. जुन्या विश्वविजेत्यांना बोलावून मोंटेव्हिडिओत एक स्पर्धा भरवली, ती १९८१ च्या जानेवारीत उरुग्वेने जिंकली. प्रशिक्षक होते १९५० च्या संघाचे गोलरक्षक रोके मास्पोली. राज्यकर्त्यांना त्यातून वाहवा हवी होती. पण त्यांच्या नव्या घटनेला जनतेने आधीच्याच नोव्हेंबरात मतपेटीतून नकार दिला होता, आणि सामन्यांच्या गर्दीतून हुकूमशाही संपणार, अशा घोषणा उठल्या. १९८६ साली ओमार बोर्रास यांचा संघ डेन्मार्ककडून ६-१ ने हरला, आणि पुढच्याच सामन्यात बातिस्ता पहिल्या मिनिटातच धसमुसळेपणाबद्दल मैदानाबाहेर गेला. ‘नखी’ उरली होती. हात कोठे आहे ते कोणाला ठाऊक नव्हते. मधूनमधून चषक येत होते, १९८३, १९८७, १९९५. पण १९९४, १९९८ आणि २००६ या तीन विश्वचषकांना हा माजी जगज्जेता घरीच बसला.

आता माझ्या गोष्टीचे खरे नायक येतात. ऑस्कर ताबारेस यांचा जन्म १९४७ चा. बचाव फळीतले साधेसे खेळाडू. खेळत असतानाच प्राथमिक शाळेत शिकवीत. लोक त्यांना ‘माएस्त्रो’ म्हणतात. आपल्याला हा शब्द संगीताच्या मैफलीतला वाटतो, पण उरुग्वेत त्याचा रोजचा अर्थ प्राथमिक शाळेचे मास्तर. गंमत पाहा, लॅटिनमधल्या एकाच शब्दाची ही सारी लेकरे. स्पेनच्या वाटेने ‘माएस्त्रो’ झाला, इंग्रजांच्या वाटेने आपला ‘मास्तर’ आला आणि पोर्तुगिजांच्या वाटेने आपला ‘मेस्त्री’. ताबारेस यांच्यात मास्तर आणि मेस्त्री दोघेही होते.

१९८८ ते १९९० त्यांनी संघ सांभाळला होता. इटलीतल्या बड्या मिलान क्लबाने त्यांना १९९६ साली घेतले आणि काही महिन्यांतच काढले. २००६ साली ते पुन्हा मायदेशी संघावर आले, तेव्हा त्यांनी विजयाचे वचन दिले नाही. एक योजना पुढे ठेवली. कुमारांच्या संघापासून थोरल्या संघापर्यंत एकच अभ्यासक्रम, सर्वांनी एकाच आवारात सराव करायचा, पोरांचे शिक्षण आणि वागणूक हाही प्रशिक्षणाचाच भाग. सुआरेझ आणि कावानी २००७ साली वीस वर्षांखालील विश्वचषक खेळले, ते याच शाळेचे विद्यार्थी. कोरासोंचा नातू दिएगो फोर्लान थोरल्या वर्गात होताच. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत संघ चौथा आला आणि फोर्लान स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०११ साली अंतिम सामन्यात पॅराग्वेला ३-० ने हरवून दक्षिण अमेरिकेचे पंधरावे अजिंक्यपद आले. त्यातले दोन गोल फोर्लानचे. आजोबा, वडील, नातू, तिघांनीही हा चषक जिंकला.

पण मास्तरांची परीक्षा हुशार मुलांत होत नसते, वांड मुलांत होते. लुई सुआरेझने २०१० साली घानाविरुद्ध गोलात जाणारा चेंडू हाताने अडवला. २०१४ साली तर एका इटालियन खेळाडूला तो चक्क चावला. नऊ आंतरराष्ट्रीय सामन्यांची आणि चार महिन्यांची बंदी आली. शिक्षा अतिरेकी आहे, असे म्हणून ताबारेस यांनी फुटबॉलच्या जागतिक संघटनेतली आपली पदे सोडली. पुष्कळांना हे आंधळे प्रेम वाटले. चावणे वाईटच; त्याची तळी मी उचलणार नाही. तरीही वर्गातल्या पोराला साऱ्या जगाने कोपऱ्यात घेतले असता मास्तराने पाठ फिरवावी, हे मला पटत नाही. चूक दाखवणे आणि हात सोडणे यांत फरक आहे.

२०१६ नंतर ताबारेस यांना मज्जातंतूंच्या विकाराने गाठले. रशियातल्या २०१८ च्या विश्वचषकात हा सत्तरी ओलांडलेला माणूस कुबडी घेऊन मैदानाच्या कडेला उभा असे. संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. २०२१ साली मात्र लागोपाठ चार सामने हरले, आणि नोव्हेंबरात पंधरा वर्षांच्या नोकरीचा निकाल लागला. त्यांच्यामागून आलेल्या दिएगो आलोन्सोंनी पुढचे चारही सामने जिंकून संघाला कतारला नेले. तिथे तो पहिल्याच फेरीत बाद झाला. २०२३ साली अर्जेंटिनाचे मार्सेलो बिएल्सा आले. बुद्धीने तल्लख, स्वभावाने एकलकोंडे. त्यांनी त्याच वर्षी ब्राझील आणि अर्जेंटिना दोघांनाही २-० ने नमवले.

आणि आता अखेरचा प्रसंग. २०२४ साली सुआरेझ राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला, आणि पुढच्याच महिन्यात त्याने नव्या प्रशिक्षकांविषयी जाहीर तक्रार केली. तक्रार डावपेचांची नव्हती. हे आमच्याशी साधा नमस्कारही करीत नाहीत, सकाळी भेटल्यावर निदान ‘सुप्रभात’ तरी म्हणावे, एवढे मागण्यासाठी खेळाडूंना बैठक घ्यावी लागली, असे त्याचे गाऱ्हाणे होते. बिएल्सांची बाजू दुसरी असेल. तो न्याय मी करीत नाही. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. साऱ्या वर्गातले सर्वांत द्वाड पोर, ज्याने भर मैदानात माणसाला चावा घेतला, तेच आज माणसाने माणसाला नमस्कार करावा म्हणून भांडत होते!

मास्तरांना नोकरीवरून काढता येते. पंधरा वर्षे रोज गिरवून घेतलेला धडा मात्र पोरांच्या अंगातून काढता येत नाही.