आठवा मुद्दा : ब्लॅक पँथर, दलित पँथर आणि वऱ्हाडातला पारधी

मंडळी, अंजनगाव सुर्जी म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकात एकच ओळ सापडते : ३० डिसेंबर १८०३, दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला तह. त्या तहावर आपण आज बोलणार नाही. पण त्याच युद्धानंतर वऱ्हाड निजामाकडे गेला आणि १८५३ मध्ये इंग्रजी कारभाराखाली आला, एवढं लक्षात ठेवू. त्या कारभाराबरोबर इंग्रजी धर्तीचं ठाणं, कोर्ट आणि जेल आलं. आजचा विषय जेलचा आहे. सुरुवात मात्र अमेरिकेतून करावी लागेल.

ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. तिचा दहा मुद्द्यांचा कार्यक्रम होता. काम, घर, शिक्षण हे त्यात होतंच. सातवा मुद्दा पोलिसी अत्याचाराचा होता. आठवा मुद्दा असा, की सगळ्या तुरुंगांतल्या काळ्या माणसांना सोडून द्या. आता कोणीही विचारेल, चोर-दरोडेखोरांसकट? पँथरांचं म्हणणं होतं, की या माणसांचे खटले निष्पक्ष झालेलेच नाहीत. मग कोण गुन्हेगार आणि कोण नाही, हे ठरलं तरी कसं?

या म्हणण्यामागे शंभर वर्षांचा इतिहास होता. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं अमेरिकेत गुलामगिरी संपली, पण तिच्यात एक फट ठेवली होती. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. दक्षिणेतल्या राज्यांनी ही फट ओळखली. काम नसताना फिरणं हा गुन्हा ठरवला, कालपर्यंतच्या गुलामांना पकडलं आणि कैदी म्हणून खाणींना, मळ्यांना, रेल्वेच्या ठेकेदारांना भाड्यानं दिलं. म्हणजे बघा, मालक बदलला आणि काम तेच राहिलं.

सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अॅटिका तुरुंगात कैद्यांनी बंड केलं. तिथं आठवड्यातून एकदा अंघोळ मिळायची. औषधोपचार नीट मिळावेत, कामाचा दाम मिळावा, माणसासारखं वागवावं, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पाचव्या दिवशी सरकारनं हत्यारबंद पोलीस आत घातले. त्या बंडात एकूण ४३ माणसं मेली, त्यात ओलीस धरलेले कर्मचारीही होते.

पुढच्याच वर्षी, १९७२ च्या उन्हाळ्यात, अँजेला डेव्हिस खटल्यातून निर्दोष सुटल्या आणि इकडं मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही नावं आपल्याला माहीत आहेत. नाव तिकडून घेतलं, पण ओळख जुनीच होती. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं.

मग दलित पँथरनं काय घेतलं? संताप घेतला, रस्त्यावर उतरणं घेतलं. १९७३ च्या जाहीरनाम्यात भूमिहीन, मजूर, आदिवासी, स्त्रिया सगळे ‘दलित’ या शब्दात आले. भर होता तो जमिनीवर, मजुरीवर, पाणवठ्यावर. ओकलंडच्या आठव्या मुद्द्याला इथं तशी जागा मिळाली नाही.

याचा दोष आम्ही पँथरांना देत नाही. समोर जे जळत होतं, तिकडं ते धावले. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात, धाकली गावात, १९७४ मध्ये गवई बंधूंचे डोळे काढले गेले. पँथरांनी ते प्रकरण लावून धरलं. त्यांची मुख्य तक्रार अशी, की आमच्यावर अत्याचार झाला तर कायदा येत नाही. पण याच मुलखात असेही लोक होते, ज्यांच्याकडे कायदा सगळ्यांच्या आधी पोचायचा. गावात चोरी झाली, की पहिली गाडी पारधी बेड्यावर.

फासेपारधी म्हणजे फासे लावून तितर-बटेर, हरणं धरणारी जमात. अमेरिकेतल्या त्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांनी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, असा त्यामागचा हिशेब. जात आपली, कायदा त्यांचा, असं ते लग्न होतं. आधी उत्तरेत आणि १९११ नंतर देशभर हा कायदा लागू करता येऊ लागला. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडायचं तर पास घ्या. सोलापूरला तर काटेरी तारांची वसाहतच होती. मुंबई इलाख्यात पारध्यांच्या गटांवरही हा शिक्का बसला.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी. पण लगेच राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर जमात गेली आणि माणूस आला, पण ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यातली यादी कोण रद्द करणार? त्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारही गुन्हा झाली. वन्यजीव वाचले पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याचं पोट त्यावर होतं, त्याला पर्याय काय दिला, हे फार थोड्यांनी विचारलं.

आमच्या मते आठव्या मुद्द्याची खरी जागा इथं आहे. अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला, मतीन भोसले यांनी २०१२ मध्ये पारधी मुलांसाठी शाळा काढली आणि नाव ठेवलं ‘प्रश्नचिन्ह’. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गासाठी तिचं ग्रंथालय आणि काही वर्गखोल्या पाडल्या गेल्या.

आता तुरुंगाच्या आत काय आहे ते बघू. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत तोपर्यंत जात पाहून काम लिहिलेलं होतं. स्वयंपाक वरच्या जातीनं करायचा आणि संडास-सफाई खालच्या. विमुक्त जमातींना जन्मानंच सराईत समजण्याची भाषाही त्यात होती. न्यायालयानं हे घटनाबाह्य ठरवलं. सतरावं कलम अस्पृश्यतेचं, तेविसावं सक्तीच्या मजुरीचं, दोन्ही लावली. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. अमेरिकेच्या दुरुस्तीत जी फट राहिली, तिच्यासमोर आपलं तेविसावं कलम ठेवून बघा. कैद्याकडून काम घ्या, पण त्याची जात पाहून घेता येणार नाही, असं न्यायालय म्हणतं.

तरी एक गोष्ट उरतेच, जामिनाची. २०२२ अखेर देशात ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे. म्हणजे चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात न्यायालयानं सांगितलं होतं, की गरीब माणसाला जातमुचलक्यावर सोडता येतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ म्हणतं, की पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला असेल, तर त्याला सोडावं. जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेली माणसं त्यातून वगळली आहेत. अर्ज तुरुंग अधीक्षकानं करायचा आहे. २०२३ मध्ये गरीब कैद्याच्या जामिनासाठी मदतीची केंद्राची योजनाही आली, सुरुवातीला ती ४० हजारांपर्यंत होती.

पण कोर्टात जामीनदार मागतात, तेव्हा त्याच्या नावचा सातबारा मागतात किंवा घराची कर पावती. बेड्यावर सातबारा कोणाकडे असतो? गावातला शेतकरी पारध्यासाठी आपला सातबारा घेऊन अचलपूरच्या, अमरावतीच्या कोर्टात उभा राहील का? हा प्रश्न आम्ही इथल्या वकील मंडळींना विचारतो आहोत. उत्तरं माइकवर येऊनच द्या, मागे बसलेल्यांनाही ऐकू गेली पाहिजेत.