'टेल्स'चा नंबर कितवा? येस बँडच्या अल्बमांवरून चाललेलं भांडण

आज आपण एका बँडचा इतिहास सांगणार आहोत, पण त्याहून जास्त त्या बँडच्या चाहत्यांमध्ये चालत आलेल्या भांडणाचा. बँड लंडनचा, नाव 'येस'. भांडण असं, की त्यांच्या अल्बमांपैकी पहिला कोणता, दुसरा कोणता, आणि अगदी तळाशी कोणाला टाकायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. आम्हालाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण वेगवेगळ्या काळातल्या याद्या शेजारी ठेवून बघा. प्रत्येक यादीत 'येस म्हणजे नक्की काय' याची एक व्याख्या दडलेली असते, आणि व्याख्या बदलली की क्रम बदलतो. एक अल्बम तर असा आहे की ज्याच्याकडे बँडच्या अधःपाताचा पुरावा म्हणून बोट दाखवलं जायचं, आणि आज त्याला पहिल्या तिनांत बसवणारे लोक सहज भेटतात. तो म्हणजे १९७३ चा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. यापुढे आपण त्याला नुसतं 'टेल्स' म्हणू.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६८ साली गायक जॉन अँडरसन आणि बेस वाजवणारा ख्रिस स्क्वायर यांनी हा बँड उभा केला. पहिले दोन अल्बम ठीकठाक, त्यांवर फार थांबत नाही. १९७० मध्ये स्टीव्ह हाऊ हा गिटारवादक आला आणि १९७१ च्या 'द येस अल्बम'पासून गाडी रुळावर आली. त्याच वर्षी रिक वेकमन कीबोर्डवर आला, 'फ्रॅजाइल' निघाला, 'राउंडअबाउट' हे गाणं अमेरिकेत गाजलं. रॉजर डीनची ती तरंगत्या खडकांची, अर्धवट स्वप्नातली चित्रं अल्बमच्या वेष्टनांवर तेव्हापासूनच यायला लागली. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, म्हणजे वाद्यं रॉकची, पण तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट सोडून दिलेली. ताल मधेच बदलायचा, एक धून दहा मिनिटांनी वेगळ्या रूपात परत यायची, वगैरे.

मग १९७२ चा 'क्लोज टू दि एज'. याच्याबद्दल भांडण जवळपास नाहीच. बहुतेक याद्यांत तो पहिला किंवा दुसरा. का बरं? आमच्या मते, येसची कोणतीही व्याख्या घ्या, ती इथे बसते. गाणी आवडणाऱ्यांना सुरेल गाणं मिळतं, वाद्यांची करामत हवी त्यांना ती मिळते, आणि लांबलचक रचना हवी असेल तर पहिली अख्खी बाजू, अठरा मिनिटांहून जास्त, एकाच गाण्याची आहे. त्या गाण्यामागे हर्मन हेसेची 'सिद्धार्थ' ही कादंबरी आहे, तिच्यातली ती नदी. जॉन कोव्हाक या संगीतशास्त्राच्या अभ्यासकाने १९९७ मध्ये या एका गाण्यावर सविस्तर निबंध लिहिला आणि त्याच्या रचनेचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताशी नातं तपासलं. पण सगळ्यांना मान्य असलेल्या गोष्टीवर बोलण्यासारखं फार उरत नाही. एकच नोंद करू: ध्वनिमुद्रण संपलं आणि ड्रमर बिल ब्रुफर्ड बँड सोडून 'किंग क्रिमझन'कडे गेला. म्हणजे शिखरावर पोचल्या पोचल्या एक माणूस म्हणाला, मी निघालो. पुढचे सगळे वाद या 'निघालो'च्या सावलीत आहेत. त्याच्या जागी ॲलन व्हाइट आला.

आता 'टेल्स'. मार्च १९७३, ब्रुफर्डचं लग्न. तिथे अँडरसनची गाठ पडली किंग क्रिमझनच्या जेमी म्युर या तालवादकाशी, आणि म्युरमुळे परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्राकडे त्याचं लक्ष गेलं. हे १९४६ चं पुस्तक आपल्याकडेही घरोघरी दिसतं. मग जपानचा दौरा आला. टोकियोच्या हॉटेलात पुस्तक चाळताना अँडरसनची नजर एका लांबलचक तळटीपेवर थांबली. तीत शास्त्रांचं वर्गीकरण होतं: श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्रं. चार गट! लाँगप्लेच्या दोन तबकड्या म्हणजे चार बाजू. झालं. दौऱ्यावरच्या हॉटेलांच्या खोल्यांतून अँडरसन आणि हाऊ यांनी मेणबत्त्या लावून आराखडा आखला. चार बाजू, चार रचना, प्रत्येकी वीस मिनिटांच्या आसपास, एकूण सुमारे ८० मिनिटं.

इथे मराठी श्रोत्याला एक गंमत दिसते, ती इंग्लंडातल्या श्रोत्याला सहसा दिसणार नाही. आपल्या परंपरेत ही चार शेजारी मांडलेली समान खणं नव्हेतच. श्रुती आणि स्मृती यांच्यात विरोध आला तर श्रुती प्रमाण, हा नियम जुना आहे. म्हणजे मुळात ती क्रमवारीच आहे! अँडरसनने तळटीप वाचली, शास्त्रं वाचली नाहीत. त्याने ती सिंफनीच्या चार भागांसारखी मांडली. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. माणूस अर्थ लावायला बसलाच नव्हता, त्याला एक घाट हवा होता आणि तो सापडला. मात्र 'भारतीय तत्त्वज्ञानावरचा अल्बम' असं कुणी कौतुकाने सांगू लागलं की आपण जरा थांबावं.

लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत काम सुरू झालं. अँडरसनला रानात जाऊन ध्वनिमुद्रण करायचं होतं, ते जमलं नाही, म्हणून स्टुडिओतच गवताच्या पेंढ्या आणि पुठ्ठ्याची गाय आणून ठेवली. वेकमनला या सगळ्यात रस नव्हता. त्याचा आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही, तो तांत्रिक आहे. तो म्हणत आला की एका तबकडीपेक्षा जास्त आणि दोन तबकड्यांपेक्षा कमी संगीत हाताशी होतं, त्यामुळे बाजू भरण्यासाठी भर घालावी लागली. हे नीट समजून घेऊ. व्हिनाइलच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं चांगल्या आवाजात मावतात. त्याहून जास्त कोंबलं तर खाचा बारीक होतात आणि आवाज पडतो. दुसरीकडे, एक बाजू बारा मिनिटांची ठेवून डबल अल्बमचे पैसे घेणंही कठीण. म्हणजे कलेची लांबी तबकडीने ठरवली. सीडी तेव्हा असती तर कदाचित पन्नास-पंचावन्न मिनिटांचा घट्ट 'टेल्स' निघाला असता. चाहत्यांच्या वादातला हा सगळ्यांत जुना आणि आमच्या मते सगळ्यांत खरा मुद्दा.

पण पहिल्या श्रोत्यांची पंचाईत वेगळी होती. १९७३ च्या हिवाळ्यात ब्रिटनच्या दौऱ्यात बँडने अख्खा 'क्लोज टू दि एज' वाजवला आणि पाठोपाठ अख्खा 'टेल्स', आणि दौरा सुरू झाला तेव्हा 'टेल्स' दुकानात यायचा होता. विचार करा, ऐंशी मिनिटं पूर्ण अनोळखी संगीत, तेही उभ्या-बसल्या गर्दीत. मँचेस्टरच्या कार्यक्रमात वेकमनने कीबोर्डमागे बसून करी खाल्ली, ही गोष्ट तर तो स्वतःच रंगवून सांगतो. तंत्रज्ञाने काहीतरी चुकीचं ऐकलं आणि जेवण थेट मंचावर आलं! भारतीय शास्त्रांवरचा अल्बम आणि मंचावर व्हिंडालू, असो. मे १९७४ मध्ये वेकमन बाहेर पडला.

समीक्षकांनी अल्बमला झोडपलं. विक्रीचं चित्र उलटं होतं: ब्रिटनमध्ये 'टेल्स' पहिल्या क्रमांकावर गेला, जिथे 'क्लोज टू दि एज' चौथ्यापर्यंतच पोचला होता. म्हणजे लोकांनी विकत घेतला, पण घरी किती वेळा वाजवला हा प्रश्न तसाच राहिला. दोन-तीन वर्षांत पंक आलं. पंकच्या गोष्टीत खलनायक लागत होता, आणि गवताच्या पेंढ्या, वीस-वीस मिनिटांच्या बाजू, योगी वगैरे सामान आयतंच तयार होतं. तेव्हापासून 'टेल्स' ऐकलेला असण्याची गरजच उरली नाही. नाव घेतलं की काम भागायचं. खुद्द सेक्स पिस्टल्सच्या जॉन लायडनने १९७७ मध्ये रेडिओवर आपल्या आवडीच्या तबकड्या वाजवल्या, तेव्हा त्यांत प्रोग्रेसिव्हच असलेला पीटर हॅमिल होता. पण असल्या बारकाव्यांना तेव्हा कोण विचारतो.

चाहत्यांनी स्वतःची बाजू मांडायला वेळ घेतला. १९९६ मध्ये बिल मार्टिन या अमेरिकन तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने येसच्या संगीतावर पुस्तक लिहिलं. 'द येस अल्बम'पासून १९७७ च्या 'गोइंग फॉर द वन'पर्यंतच्या अल्बमांना त्याने 'मुख्य क्रम' म्हटलं. शब्द खगोलशास्त्रातला, ताऱ्यांच्या आयुष्यातल्या स्थिर टप्प्यासाठीचा. या एका शब्दाने वादाची मांडणीच बदलली असं आम्हाला वाटतं. 'टेल्स' हा घसरणीचा आरंभ, असं पूर्वी म्हणायचे. आता तो मधोमध आला. त्याच्यानंतर 'रिलेयर' आहे, टॉल्स्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'वरून सुचलेली बावीस मिनिटांची लढाई, कीबोर्डवर पॅट्रिक मोराझ. मग वेकमन परतला आणि 'अवेकन' झालं, ज्यासाठी त्याने स्वित्झर्लंडमधल्या व्हेव्हेच्या चर्चमधला ऑर्गन वाजवला आणि तो आवाज टेलिफोनच्या तारांवरून माँत्रोच्या स्टुडिओत नेला गेला. या दोन्ही रचना 'टेल्स'मध्ये केलेल्या प्रयोगांशिवाय सुचल्या असत्या का? समर्थकांचा सगळा भर या प्रश्नावर असतो, आणि तो बिनतोड आहे.

मात्र 'मुख्य क्रम' ठरवला की बाहेर कोण राहिलं, हेही ठरतं. १९८० चा 'ड्रामा' घ्या. अँडरसन आणि वेकमन गेले होते, त्यांच्या जागी 'बगल्स'चे ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स आले. मायदेशी कार्यक्रमात हॉर्नला हुर्यो सहन करावी लागली. अँडरसनशिवाय येस? यादीतच घेऊ नका, असं म्हणणारे होते. मग १९८३ मध्ये '९०१२५' आला, गिटारवर ट्रेव्हर रेबिन, निर्माता तोच हॉर्न, गायला अँडरसन परत. त्यातलं 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्यांनी येस पहिल्यांदा त्या गाण्यातून ऐकला, त्यांच्या यादीचं शिखरच वेगळं. सत्तरीतल्या चाहत्यांनी त्यांना कमी लेखलं, आणि हे आम्हाला अजिबात पटत नाही. ज्या दारातून माणूस आत आला, ते दार त्याला खोटं कसं वाटेल?

नावाचं भांडण तर कोर्टकचेरीपर्यंत गेलं. १९८९ मध्ये अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन आणि हाऊ एकत्र आले, पण 'येस' हे नाव त्यांना वापरता येईना, म्हणून चौघांची आडनावंच बँडचं नाव झाली. १९९१ मध्ये दोन्ही गट जोडून 'युनियन' काढला. वेकमन त्याला 'अनियन' म्हणतो, म्हणजे कांदा, कारण ऐकताना रडू येतं. याद्यांच्या तळाशी तो हमखास सापडतो आणि तिथे कुणी त्याच्यासाठी भांडत नाही.

२००८ नंतर अँडरसन बँडमध्ये नाही. त्याच्या जागी आलेले दोन्ही गायक, बेन्वा डेव्हिड आणि जॉन डेव्हिसन, आधी येसचीच गाणी गाणाऱ्या बँडमध्ये गात होते, म्हणजे चाहत्यांच्या रांगेतून उठून मंचावर आले. आणि गंमत बघा: अँडरसनशिवायचा येस रोजचा झाला, तसा 'ड्रामा' याद्यांमध्ये वर सरकला. तबकडी तीच, सूर तेच, फक्त तो 'अपवाद' राहिला नाही.

'टेल्स'चंही असंच काहीसं. २०१६ मध्ये स्टीव्हन विल्सनने त्याचं नवं मिश्रण केलं, गढूळ वाटणारे थर वेगळे झाले, बेस आणि कीबोर्ड आपापल्या जागी ऐकू यायला लागले. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या दौऱ्यात बँडने अख्खा 'ड्रामा' आणि त्यासोबत 'टेल्स'ची पहिली आणि चौथी बाजू वाजवली. एकेकाळचे दोन बहिष्कृत अल्बम, एकाच संध्याकाळी. स्क्वायर तोवर गेला होता, २०१५ च्या जूनमध्ये. ज्या चौथ्या बाजूत त्याचा बेस सगळ्यांत पुढे असतो, ती त्याच्याशिवाय वाजली.

भाषणं संपल्यावर 'तुमची यादी सांगा' असा प्रश्न येतोच, म्हणून आत्ताच सांगून टाकतो. पहिला 'क्लोज टू दि एज', याबद्दल वाद नको. दुसरा 'रिलेयर'. तिसरा 'गोइंग फॉर द वन', केवळ 'अवेकन'साठी. चौथा 'टेल्स', पहिली बाजू आणि चौथी बाजू यांच्या जोरावर, म्हणजे श्रुती आणि तंत्र. दुसऱ्या बाजूला आम्ही हळूहळू सरावलो. तिसऱ्या बाजूच्या शेवटी हाऊची स्पॅनिश गिटार येते आणि ती पाच मिनिटं फार सुंदर आहेत. तिच्यापर्यंत पोचायला लागणारी बारा-तेरा मिनिटं मात्र आम्हाला अजून जमलेली नाहीत. सभागृहात कुणाला जमली असतील तर त्यांनी चहाच्या वेळी जरूर भेटावं, आम्हाला ऐकायचं आहे.